गाडी सरळ का जात नाही?

रोबो म्हटलं की मुलांना सिनेमातला रोबो आठवतो. दोन पायांवर चालणारा, माणसासारखं बोलणारा, वेळ पडली तर मारामारी करणारा. शिबिराच्या पहिल्या सकाळी टेबलावर मांडलेलं सामान पाहून त्यांचा हिरमोडच होतो. वहीएवढी प्लायवुडची फळी, तिच्या दोन बाजूंना पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरमोटारी, दोन चाकं, पुढच्या टोकाला कुठंही वळणारं एक छोटं चाक, सेलचा डबा आणि मधोमध पत्त्यापेक्षाही लहान सर्किट. "सर, रोबो कुठाय?" हा प्रश्न येतोच. तो आला की शिबिर सुरू झालं असं समजावं. त्याचं उत्तर शिक्षकानं द्यायचं नसतं. त्या फळीला आपण काय सांगतो आणि ती प्रत्यक्षात काय करते, हे पाहता पाहता मुलांना ते आपोआप सापडतं.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले जे शिक्षक, पालक किंवा कॉलेजची मुलं पाचवी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असं शिबिर घेऊ पाहतात, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. शिबिर दिवसाचं, म्हणजे सकाळी यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. निवासी शिबिराची हौस अनेकांना असते, पण त्यात निम्मी शक्ती जेवणखाण आणि झोपण्याच्या व्यवस्थेत जाते आणि मुलींना घरून परवानगी मिळत नाही ते वेगळंच. दिवसाच्या शिबिराला अडचण एकच, ती म्हणजे वेळापत्रक आपण ठरवत नाही, एसटी ठरवते. वाडीची परतीची गाडी चारला असेल तर साडेतीनला सोल्डरिंग आयर्न थंड झालेलं पाहिजे. पुढच्या पानांतले सगळे धडे हे गणित धरूनच बेतले आहेत.

या खेळाची वंशावळ सांगितली पाहिजे, कारण ती मुलांना आवडते. १९४८-४९ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकानं दोन यांत्रिक कासवं बनवली. नावं एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात उजेड ओळखणारा एक आणि धक्का ओळखणारा एक, असे दोनच सेन्सर. आणि मेंदूच्या जागी दोन इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह. एवढ्या भांडवलावर ती दिव्याच्या दिशेनं जायची आणि टेबलाचा पाय आडवा आला की वाट काढायची. पुढं १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली आणि थोड्याच वर्षांत तिला जमिनीवर फिरून पेननं रेघ ओढणारं कासव जोडलं. पॅपर्ट हे जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ प्याजे यांच्याजवळ काही वर्षं काम करून आलेले. मूल कसं शिकतं हा त्यांचा खरा विषय, संगणक हे नुसतं निमित्त. कासव कसं वळवायचं हे मुलाला कळत नसेल तर मुलानं स्वतः कासव व्हावं, चालून पाहावं, आणि आपण काय केलं ते शब्दांत सांगावं, हे त्यांचं म्हणणं १९८०च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात विस्तारानं आलं आहे. पुढं लेगो कंपनीनं आपल्या रोबोच्या संचाला तेच नाव दिलं. तो संच आपल्याकडच्या बहुतेक शाळांना कधीच परवडला नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही.

म्हणून आपल्या शिबिराचा पहिला तास लॅपटॉपशिवाय. आंधळी कोशिंबीर सगळ्यांना येते. तीच थोडी बदलायची. डोळे बांधलेला मुलगा म्हणजे यंत्र. त्याला फळ्यापासून दारापर्यंत न्यायचं, हात न लावता, फक्त बोलून. आणि त्यानं सांगितलेलं तेवढंच करायचं, शहाणपणा करायचा नाही. "पुढे जा" म्हटलं की तो चालतच राहतो आणि बाकावर आपटतो, कारण कुठं थांबायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. "वळ" म्हटलं की तो स्वतःभोवती गोल फिरत राहतो. "उजवीकडे!" असं समोर उभी असलेली मुलगी ओरडते तेव्हा तिची उजवी आणि त्याची उजवी वेगळी निघते. वर्गात हशा पिकतो. अर्ध्या तासात मुलं आपण होऊन "तीन पावलं पुढे, थांब, तुझ्या उजव्या हाताला पाव फेरी, थांब" अशा भाषेवर येतात. प्रोग्रॅम म्हणजे काय याची व्याख्या नंतर सांगितली नाही तरी चालते.

मग खरी गाडी. ठोकळे जोडून लिहायच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही मोटारींना सारखाच वेग दिला, बटण दाबलं, आणि गाडी सरळ न जाता डावीकडे झुकत भिंतीला जाऊन धडकली. हे दर शिबिरात होतं, आणि मला विचाराल तर सगळ्या शिबिरातला हाच मोलाचा क्षण. मुलं आधी स्वतःला दोष देतात. आमचं काहीतरी चुकलं, म्हणतात आणि प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासतात. प्रोग्रॅम बरोबर असतो. दोन मोटारी एकाच कारखान्यातल्या, एकाच पाकिटातल्या असल्या तरी सारख्या फिरत नाहीत. एकीच्या गिअरमध्ये घर्षण जास्त, एका चाकाचं रबर जरा सैल. वेगाला ० ते २५५ असे आकडे देता येतात. दोन्हीकडे १८० दिले होते. आता जी मोटर जास्त पळते तिला १७२ देऊन पाहायचं. पुन्हा धाव, पुन्हा खडूनं खूण, पुन्हा मोजपट्टी. १६८. आता उजवीकडे झुकली. १७०. शाळेत ज्या मुलाची वही लाल शेऱ्यांनी भरलेली असते तो इथं न रडता, न लाजता आठ वेळा चुकतो आणि नवव्यांदा टाळ्या घेतो. शिक्षकानं या वेळी खिशात हात घालून उभं राहायला शिकलं पाहिजे. आकडा सांगण्याचा मोह फार होतो.

दुपारी दुसरा धक्का. सकाळी "अर्धा सेकंद उजवीकडे वळ" म्हटलं की गाडी बरोबर काटकोनात वळत होती. जेवणानंतर तोच प्रोग्रॅम, तीच गाडी, पण काटकोन काही होत नाही, मधेच थांबते. कुणी काही बदललेलं नाही. सेल उतरले आहेत. दीड व्होल्टचे चार सेल मिळून सहा व्होल्ट होतात हे मुलांना ठाऊक असतं. पण मोटारी चालवणारं एल२९८एन हे स्वस्तातलं सर्किट त्यातले दीड-दोन व्होल्ट स्वतःच खातं, आणि उरलेल्यात सेल थकले की चाकं मंदावतात. अशा वेळी नवे सेल घालून मोकळं होणं सोपं. मी म्हणेन, घालू नका, निदान तासभर तरी. मुलांना विचारा की सेल नवे असोत की जुने, गाडी सारखीच वळेल यासाठी काय करता येईल? इथून सेन्सरची गरज जन्माला येते. वेळ मोजून चालणारी गाडी डोळे बांधलेल्या मुलासारखी असते. ती कुठं पोचली हे तिला कळायला हवं असेल तर तिला काहीतरी दिसलं पाहिजे.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी हा सगळ्या शिबिरांचा लाडका प्रयोग. पोटाखाली दोन सेन्सर. ते अवरक्त किरण सोडतात. पांढरा कागद ते परत पाठवतो, काळी पट्टी गिळते. डाव्या सेन्सरखाली काळं आलं तर डावीकडे वळ, उजव्याखाली आलं तर उजवीकडे, दोन्ही पांढऱ्यावर असतील तर पुढे. तीन ओळींचा हिशेब. पट्टीसाठी इलेक्ट्रिशियनची काळी टेप चालते. पांढऱ्या पृष्ठभागासाठी चार्टपेपर फाटतो, म्हणून जुना फ्लेक्स आणावा आणि पाठीकडून पांढरा आहे ना ते पाहून घ्यावं. आपल्या तालुक्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स मुबलक असतात. त्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचलेला नाही. एक काळजी मात्र घ्या. हा खेळ व्हरांड्यात मांडू नका. उन्हातही अवरक्त किरण असतात, आणि मे महिन्यातल्या उन्हाच्या तिरिपेत गाडी शिरली की सेन्सरला सगळंच पांढरं दिसतं आणि ती पट्टी सोडून भरकटते. वर्गातही खिडकीतून अशी तिरीप येत असेल तर मुलांना आधी सांगू नका. गाडी रोज अकरा वाजता त्याच एका फरशीवर का बिघडते, हे शोधून काढण्यात त्यांची सकाळ सत्कारणी लागते.

इथपर्यंतचं सारं पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही शिबिरात होईल. महाडला ते कशासाठी करायचं, हा प्रश्न आता आला.

भिंत जवळ आली की थांबणाऱ्या गाडीला पुढं दोन डोळ्यांसारखा दिसणारा एक सेन्सर लावतात. त्याचं बाजारातलं नाव एचसी-एसआर०४. एका डोळ्यातून तो माणसाला ऐकू न येणारा, सेकंदाला ४० हजार कंपनांचा आवाज सोडतो. दुसऱ्यानं प्रतिध्वनी ऐकतो. आवाज जाऊन यायला लागलेला वेळ मोजला, त्याला आवाजाच्या वेगानं गुणलं, दोननं भागलं की अंतर मिळतं. भिंत एक मीटरवर असेल तर सुमारे ५.८ मिलिसेकंद. सातवी-आठवीचं विज्ञान आणि गणित यात पुरतं वसूल होतं. आता तोच सेन्सर गाडीवरून काढा, लाकडी पट्टीला बांधा आणि तोंड खाली करून पाण्याच्या बादलीवर धरा. भिंतीऐवजी पाण्याचा पृष्ठभाग. मगानं पाणी ओतत जा. अंतर कमी होत जातं. प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नसते, आणि हातातलं खेळणं पूरमापक झालेलं असतं.

महाडच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपुरात येते, महाडजवळ गांधारी आणि काळ या नद्यांना पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर डोंगरात धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती असं एकाच वेळी जुळून आलं की पाण्याला जायला वाट राहत नाही. २२ जुलै २०२१ला तेच झालं. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाडच्या बाजारपेठेत पाणी घुसलं, तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. २००५च्या जुलैत जुई आणि दासगाव या गावांनी दरडींचं हे दुःख आधी भोगलं होतं. आज सहावीत असलेलं मूल २०२१ साली जेमतेम सहा-सात वर्षांचं असेल, पण घरातल्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते त्याला बोट लावून दाखवता येतं.

जिल्हा प्रशासनाच्या पावसाळी तक्त्यात सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर दिलेली असते. बादलीत मीटरचे सेंटीमीटर करून हाच तक्ता मांडता येतो: सहा सेंटीमीटरला पिवळा दिवा, साडेसहाला लाल आणि भोंगा. जर-तरचा इतका स्वच्छ धडा दुसरा नाही. पण लगेच एक गंमत होते. पाणी साडेसहाच्या आसपास आलं आणि बादलीला जरासा धक्का लागला की लाटांमुळे लाल दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. भोंगा केकाटत राहतो. मुलं कान झाकतात. मग कुणीतरी सुचवतं की पाच मापं घेऊन मधलं धरावं. दुसरं कुणी म्हणतं, दिवा लावायचा साडेसहाला पण विझवायचा मात्र सव्वासहाच्या खाली गेल्यावर. इंजिनिअरिंगच्या वर्गात या दुसऱ्या युक्तीला भारदस्त नाव आहे. सहावीतल्या मुलीला ती भोंग्याच्या त्रासातून सुचते.

चलाख मुलांसाठी आणखी एक प्रश्न राखून ठेवावा. आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो. २० अंशांना तो सेकंदाला ३४३ मीटर, ३५ अंशांना ३५२च्या आसपास. चार मीटरच्या मापात त्यानं दहा सेंटीमीटरचा फरक पडतो. नदीच्या बाबतीत दहा सेंटीमीटर म्हणजे दुकानाचा उंबरा.

इथं एक गोष्ट शिबिर घेणाऱ्यानं मनाशी पक्की करावी आणि पालकांनाही सांगावी. मुलांनी बनवलेलं हे यंत्र गावाला इशारा देण्यासाठी नाही. या सेन्सरची धाव चार मीटरपर्यंतच, तो पावसात भिजला की बाद होतो, आणि खोटा इशारा दोनदा झाला की तिसऱ्या खऱ्या इशाऱ्याला कुणी उठत नाही. पुलांवर बसवायचे रडारचे मापक वेगळे असतात आणि त्यांची देखभाल करणारी यंत्रणा वेगळी. मुलांना कळायला हवं ते हे, की 'धोका पातळी ओलांडली' ही बातमी कुठल्या तरी मापातून येते आणि ते माप कसं चुकू शकतं. आणि एक. हल्ली कुठल्याही प्रकल्पात मुलं म्हणतात, "याचा मेसेज मोबाईलवर पाठवू." २०२१च्या त्या रात्री वीज गेली होती, मोबाईलचं नेटवर्क कोलमडलं होतं. याची आठवण करून दिली की मुलं स्वतःच बॅटरीवरच्या भोंग्याकडे वळतात. वर्तमानपत्रात फोटो येण्याजोगं ॲप त्यामुळे होत नाही, पण विचार पक्का होतो.

पावसाचं माप हा दुसरा चांगला प्रकल्प आहे. एका दांडीवर दोन छोटी पन्हाळी, एक भरली की कलंडते आणि दुसरी नळीखाली येते. प्रत्येक कलंडीला लोहचुंबक एका स्विचवरून जातो आणि आकडा एकानं वाढतो. एक कलंडी ०.२ मिलिमीटरची धरली तर महाबळेश्वरच्या त्या एका दिवसाच्या जवळपास तीन हजार कलंड्या होतात. हा हिशेब मुलांनाच करू द्यावा.

पैशांचा विषय टाळून चालणार नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६पासून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीसाठी. ज्यांना मिळालं त्यांनी जरूर वापरावं, आणि वापरावं म्हणजे कपाटाची किल्ली मुलांना सापडेल अशा जागी ठेवावी. सामान हरवेल, जळेल या भीतीनं संच पाकिटातच ठेवणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. पण ज्यांना अनुदान नाही त्यांनी थांबू नये. पाबळच्या विज्ञान आश्रमाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात गेले. हातानं काम करत शिकायचं आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असायचं, एवढ्या दोन सूत्रांवर त्यांनी शाळकरी मुलांना वेल्डिंगपासून विजेच्या कामापर्यंत सगळं शिकवलं. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या मदतीनं तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हव्या त्या वस्तू बनवण्याची कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. तिथं प्रश्न बाहेरून आले नाहीत. दुधाची प्रत कशी जोखायची, डिझेल इंजिनाचं टायमिंग कसं बसवायचं, असे ते गावातूनच आले.

त्याहीमागं जायचं तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आहेत. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू करताना त्यांनी आणि अनुताई वाघांनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, गोटे, पानं यांतून साधनं घडवली. माँटेसरीतलं तत्त्व घेतलं, खोका घेतला नाही. आपल्यालाही हेच करायचं आहे. फळी सुताराकडची कातरण, चाकाची धाव सायकलच्या ट्यूबची, पट्टी टेपची. विकत घ्यावं लागतं ते सर्किट, मोटारी आणि सेन्सर. महाड एमआयडीसीतल्या मेंटेनन्सच्या माणसांना, आयटीआयच्या मुलांना आणि माणगाव तालुक्यात लोणेरेला असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हाक मारली तर सोल्डरिंग शिकवायला कुणीतरी सापडेल.

शिबिरात यंत्राला हात कुणाचा लागतो, याकडे बारीक लक्ष द्या. चार मुलांमागे एक लॅपटॉप असला की तासाभरात एक ठरलेलं चित्र दिसू लागतं. शहरातून सुट्टीला आलेला चाकरमान्यांचा मुलगा कीबोर्डवर, त्याचा भाऊ शेजारी, मुलगी वहीत टिपणं काढते आहे आणि वाडीवरचा मुलगा मागं उभा राहून पाहतो आहे. कुणी कुणाला मनाई केलेली नसते. तरीही हे होतं, आणि ज्या गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या गावात ते चालवून घेऊ नये. नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव त्याआधी तीन वर्षं झालेलाच होता. कागदावर परवानगी असणं आणि हात पाण्याला लागणं यांतलं अंतर महाडनं पाहिलेलं आहे. उपाय साधा आहे. दर पंधरा मिनिटांनी घंटा, आणि घंटेला जागा बदलायच्या. कीबोर्डवरच्यानं मागं जायचं, मागच्यानं पुढं यायचं. पहिल्या दिवशी कुरकुर होते, दुसऱ्या दिवशी सवय.

शर्यती मला मान्य नाहीत, हेही सांगून टाकतो. कुणाची गाडी आधी पोचते यावर बक्षीस ठेवलं की मुलं दुसऱ्याचा आकडा चोरून पाहतात आणि स्वतःची चूक लपवतात, म्हणजे शिबिराचं मूळच कापलं जातं. समारोपाचा मोठा कार्यक्रमही ठेवू नये. प्रमुख पाहुणे येऊन, सत्कार होऊन, भाषणं संपेपर्यंत सेल उतरलेले असतात आणि पालकांसमोर एकही गाडी धड चालत नाही. त्याऐवजी शेवटच्या दुपारी आयांना बोलवा आणि मुलांनी त्यांना आपापली गाडी चालवायला शिकवावं.

राहिला प्रश्न तारखांचा. शिबिर म्हणजे मे महिना हे आपल्या डोक्यात बसलं आहे. पण मे महिन्यात कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला बाहेर गेलेली असतात. त्यांची मुलं पावसाच्या तोंडावर परततात. डोंगरावरच्या धनगरवाड्यांतल्या मुलांना त्या दिवसांत गुरं आणि पाणी यांतून सवड नसते. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी दोन वेळापत्रकं दिली आहेत. एक मेमधल्या सलग शिबिराचं, दुसरं शाळा सुरू झाल्यावरच्या शनिवारांचं. दुसऱ्यात पाण्याचा धडा आधी आणि पट्टीवरच्या गाडीचा नंतर घेतला आहे, कारण जुलैत मुलांच्या मनात पाणीच असतं आणि व्हरांड्यात ऊन नसल्यानं गाडीचा प्रयोग पुढं केव्हाही करता येतो. फक्त पावसाळ्यात मुलांना माप घ्यायला ओढ्यावर किंवा नदीवर नेऊ नये. बादली वर्गातच ठेवावी, आणि लॅपटॉप तिच्यापासून दोन हात लांब.